भिंगरीवरचा ठपका

दि. १९ नोव्हेंबर

प्रिय खारू,

नमस्कार. इकडे सगळे बरे आहेत. तुझ्या बहिणीचा गुडघा आता तिला जिना चढू देतो. सासूबाईंना माझा नमस्कार सांग, पण त्यांनी माझं नाव काढलं तरच.

सात महिने आपलं बोलणं नाही, म्हणून आधी मी कोण ते मांडतो. मोटर दुरुस्तीच्या दुकानातलं तार गुंडाळायचं यंत्र मी या हातांनी केलं, जुन्या सायकलच्या चाकापासून. मोटरींचं वार्निश सुकवायची भट्टी केली, पत्र्याच्या कपाटाची. फेरे मोजणारा काटा केला, त्यात शंभर फेऱ्यांमागे एकाचीही चूक नाही. चाळिशी ओलांडल्यावर उसनी पुस्तकं आणून प्रोग्रॅम लिहायला शिकलो, कोणाच्या क्लासची पायरी चढलो नाही. आणि तक्ता, पडद्यावरच्या रोबोंच्या लढती लावून त्यांची क्रमवारी ठेवणारा. तक्त्याची ओळ न् ओळ माझी आहे. एकशे बारा रोबो, लढती चालवायला एकतीस जणांची घरची संगणक-यंत्रं, कोणाला पगार नाही, कोणी मालक नाही, आणि चार वर्षांत निकालाबद्दल एकही तक्रार नाही. म्हणजे नव्हती.

पत्र मीच लिहितोय. तुझ्या बहिणीने लिहायला लावलं असं तुला वाटेल. तुला काय काय वाटतं याचा अंदाज मी बांधत असतो, तो माझा जुना रोग आहे.

तक्त्यात एक किरकोळ दुरुस्ती झाली आहे. ती तुला कळवायची आहे, पण क्रमाने.

फेब्रुवारीत तू नवी भिंगरी दिलीस. पडद्यावरचा रणगाडाच तो, बाकीच्या एकशे अकरांसारखा. पण तिचा मेंदू तू लिफ्टच्या दुरुस्त्या करता करता वर्षभर लिहीत होतास हे मला ठाऊक होतं. सहा आठवडे ती रांगेत राहिली. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तिच्या लढती दोनच यंत्रांवर झाल्या, एक तुझं, एक माझं. तुझ्याकडून निकाल आला, शंभरात एक्याण्णव जिंकल्या. माझ्याकडे अडतीस. प्रतिस्पर्धी तेच, मैदान तेच.

दुसऱ्या कोणी तुला फोन करून विचारलं असतं. मी विचारलं नाही. विचारलं की चोर सावध होतो, असं मी तेव्हा मानत होतो. तुझा अख्खा प्रोग्रॅम छापून काढला, दोन हजार तीनशे ओळी, आणि लाल पेन घेऊन बसलो. आठशे बाराव्या ओळीपासून आकड्यांचा एक मोठा गठ्ठा होता, कशाचा ते लिहिलेलं नव्हतं. मी ठरवून टाकलं की आपण कोणाच्या यंत्रावर आहोत हे भिंगरी त्यावरून ओळखते आणि घरच्या मैदानावर लबाडी करते. तो गठ्ठा प्रतिस्पर्ध्यांच्या जुन्या चालींचा होता. हे मला आता माहीत आहे.

अजून एक सांगायचं आहे, ते तुला कोणीच सांगितलं नसणार. सासूबाईंच्या तब्येतीची विचारपूस करायला म्हणून मी एका रविवारी तुमच्याकडे आलो होतो. तू पाणी आणायला आत गेलास, तेव्हा मी तुझ्या टेबलाखालच्या यंत्राच्या पाठीला हात लावून पाहिला. गार होतं. आदल्या रात्रीपासून तुझ्या नावाने आठशे लढतींचे निकाल आले होते आणि यंत्र गार. तू आणलेलं पाणी मी प्यायलो, सासूबाईंना औषधं वेळेवर घ्या म्हणालो, आणि घरी येऊन तक्त्यावर सूचना लावली. ‘बनावट निकाल पाठवल्यामुळे भिंगरी बाद. मालकाला यापुढे प्रवेश नाही.’ लढती तू लिफ्टच्या वर्कशॉपमधल्या यंत्रावर चालवायचास, कारण ते जास्त दणकट आहे. हे कळायला एक प्रश्न पुरला असता.

आता दुरुस्ती.

मार्चात माझं यंत्र जळालं. भंगारातून एका ऑफिसचं जुनं यंत्र आणून मी ते उभं केलं, आणि जळक्या यंत्रातून लढतींचं अख्खं फोल्डर तसंच्या तसं उचलून त्यात ठेवलं. प्रत्येक खेपेला रोबोला विचार करायला किती वेळ द्यायचा, ते ठरवणारं वेळमाप त्या फोल्डरमध्ये होतं. ते जुन्या वेगवान यंत्राचं. नव्या मंद यंत्रावर तेवढ्या वेळात भिंगरीचा विचार पुरा व्हायचा नाही, तिची खेप हुकायची, आणि ती जागच्या जागी मार खायची. बाकीचे बहुतेक रोबो हलक्या डोक्याचे, त्यांचं काही बिघडलं नाही. प्रत्येक यंत्रावर वेळमाप नव्याने घ्यावं हा आपल्या तक्त्याचा चौथा नियम आहे. तो मी लिहिला आहे. एकतीस जणांकडून पाळून घेतो. माझ्या हातच्या यंत्राला तो लागू होतो हे माझ्या मनात आलंच नाही.

हे मी शोधलं असं लिहायला मला आवडलं असतं. ऑक्टोबरात जुन्या लढती पडद्यावर लावून तुझ्याविरुद्ध आणखी पुरावा गोळा करत होतो. तुझी बहीण भाजी निवडत शेजारी बसली होती. या विषयावर आमच्या घरात बोलायचं नाही असं ठरलं होतं, तरी तिने विचारलं.

“यातली तुमच्या यंत्रावरची कोणती, आणि त्याच्यावरची कोणती?”

मी दाखवलं.

“मग तुमच्याकडे भिंगरी उभी का राहते? माझा भाऊ लहानपणी मार खातानासुद्धा एका जागी उभा राहिला नाही.”

मला वाटलं तूच तिला पढवलंस. पूर्ण दोन दिवस असं वाटलं. तिचा फोन तपासला, हेही लिहून टाकतो. त्यात तुझा एकच निरोप निघाला, ‘गुडघा कसा आहे’. मग हुकलेल्या खेपांचा रकाना उघडला. तक्ता आटोपशीर दिसावा म्हणून तो मीच झाकून ठेवला होता. एका लढतीत चारशे खेपा हुकलेल्या.

आज सकाळी नवी सूचना लावली. चूक कोणाची ते माझं नाव घालून लिहिलं आहे. ती वाचून सात जण तक्ता सोडून गेले, त्यांचं बरोबर आहे. बाकीच्यांच्या यंत्रांवर भिंगरी परत लढली. अठ्ठ्याऐंशी. एक्याण्णव नाही. वरच्या तिनांचा मी विचार करतोय, पण नशिबाचा भाग म्हणून सोडून देण्याचा प्रयत्न आहे.

तू परत ये असं म्हणायला मला तोंड नाही. प्रवेश उघडा आहे, एवढंच. तू आला नाहीस तरी पहिला क्रमांक भिंगरीचाच राहील.

एक गोष्ट दुसऱ्या कोणाकडून तुझ्या कानावर जाण्याआधी सांगतो. दुरुस्ती मला कळल्यानंतर अकराव्या दिवशी खेळ बनवणाऱ्या एका कंपनीचा माणूस दुकानात आला. वार्निशच्या वासाने नाकाला रुमाल लावून बसला होता. त्याने तुझी तीनदा चौकशी केली, म्हणून विचारतो, दुकानाचा पत्ता तू दिलास का? दिला नसशील तर हे वाक्य वाचलं नाहीस असं समज. त्यांना तक्ता हवा होता, चारही वर्षांच्या नोंदींसकट, आणि लबाडी पकडणारा माणूस म्हणून माझं नाव. अट एकच. बाद केलेले निकाल खरोखर बनावट होते आणि जुन्या क्रमवारीत फेरफार होणार नाही, अशी माझी सही. तेव्हा ते वेळमाप फक्त मला आणि त्या भंगारातल्या यंत्राला माहीत होतं. तुझ्या बहिणीने चहा आणून ठेवला आणि माझ्याकडे न बघता आत गेली. तो तेरा लाख साठ हजार देत होता. मी नाही म्हणालो.

तुझा,
दाजी