ऑर्डर दोनदा गेली

ता. ९, सोमवार

धाकट्या,

आशीर्वाद. माझे गुडघे आहेत तसेच. नळ गळतोय, शेजारीण अजून बोलतेच आहे. झाली खुशाली. फोनवर तुला "आवाज तुटतोय" म्हणता येतं, म्हणून कागद घेतला.

तुझी भाची धड जेवत नाही. हॉस्पिटलच्या औषधांच्या गोदामातून तिला घरी बसवलंय. लशींची ऑर्डर म्हणे दोनदा गेली. फ्रिजमध्ये मावल्या नाहीत, बाहेर राहिल्या त्या खराब झाल्या. साहेब म्हणाला, "लक्ष कुठे असतं तुझं?"

लक्ष तिथेच होतं. ऑर्डर पाठवली की पडद्यावर ‘पोहोचली’ असं यायचं. नवीन कॉम्प्युटर आले, त्यात नवा ब्राउझर, आणि ते यायचंच बंद झालं. पोरगी वाट बघत बसली. गेलीच नसेल म्हणून पुन्हा बटण दाबलं. मीही दाबलं असतं.

मला यातलं ओ की ठो कळत नाही, पण कान शाबूत आहेत. मागे तू आला होतास, तेव्हा जेवता जेवता म्हणालास, "आमचं सॉफ्टवेअर जुन्या ब्राउझरवरच नीट चालतं. नव्यात घोळ होतो. पण गिऱ्हाइकाला सांगायचं नाही, वरून ताकीद आहे." ती म्हणाली, "मामा, आमच्याकडे तुमच्याच कंपनीचं आहे, आणि नवीन कॉम्प्युटर येणारेत." तू म्हणालास, "बघू." आणि आणखी वाढून घेतलंस.

काय बघितलंस?

काल तिला म्हटलं, सांग की साहेबाला. तर म्हणते, "मामाची नोकरी जाईल, आजी. त्याची पोरं लहान आहेत." आणि तू मला फोनवर हवापाणी विचारतोस. तिच्याबद्दल अवाक्षर नाही. म्हणजे कळलंय तुला सगळं.

पुढच्या गुरुवारी चौकशी आहे. तू येऊन सांग, नाहीतर मी जाते. तिला विचारणार नाही, रडत बसेल. ऐकलं तेवढंच सांगेन. एक शब्द वाढवणार नाही, आणि पोटचा आहेस म्हणून एक गाळणारही नाही. नोकरी गेलीच तर पोरांना इथे आणून सोड. सांभाळीन, तुझ्यापेक्षा बरी.

पत्र ऑफिसच्या पत्त्यावर टाकतेय. सुनेला तू स्वतः सांग.

गुरुवार उजाडेपर्यंत फक्त तुझीच,
आई