शैलाबाईंचा पिवळा फॉर्म

काल, ९ मार्च २००७ रोजी, डॉ. नीना साठ्ये यांनी मला तपासून लेखी दिले की माझी बुद्धी शाबूत आहे. यकृताबद्दल त्यांना तसे लिहिता आले नाही. म्हणून मी, जगदीश केशव टिपणीस, वय ६९, निवृत्त उपमुख्याध्यापक, राहणार कॉव्हेंट्री, इंग्लंड, कोणाच्याही दबावाशिवाय हे मृत्युपत्र करीत आहे. आधीचे रद्द समजावे. हे मराठीत लिहितो, कारण इंग्रजीत मी एकदा सही करून खोटे लिहिले आहे. भाषांतर वकील करतील.

१. राहते घर माझी मुलगी मृणाल हिने विकावे. निम्मी रक्कम तिची. निम्मी आमची विद्यार्थिनी जेड हिची, जिचा डावा डोळा माझ्या शाळेत गेला. जेडच्या आईने ती नाकारली तर आग्रह धरू नये.

२. मृणालला यातले अर्धेच ठाऊक आहे, म्हणून इथे लिहितो. ऑक्टोबर २००४ मध्ये जेवणाच्या सुट्टीत आमच्या डिनर लेडी, म्हणजे मुलांच्या जेवणाची व्यवस्था पाहणाऱ्या, शैला वाघमारे धावत माझ्या ऑफिसात आल्या. "सर, अपूर्वच्या बॅगेत पिस्तूल आहे. बॅग बाजूला ठेवायला उचलली, तर जड लागली, म्हणून उघडून पाहिली." त्यांनी जागेवरच धोका कळवायचा पिवळा फॉर्म भरून दिला. नियम असा होता: पिवळा फॉर्म आला की आधी पोलिसांना फोन, मग मुख्याध्यापकांना, मग पालकांना. तो नियम मीच लिहिला होता. मी फक्त तिसरा फोन केला.

अपूर्व आमचा विद्यार्थी; त्याचे वडील विनय आणि मी गणपती मंडळात वीस वर्षे एकत्र. "अहो जगदीशराव, नुसता आवाज करणारं आहे ते," तो म्हणाला. "पोरगं आपलंच आहे. पोलीस कशाला?"

"घरातलं घरात मिटवा," मी म्हणालो आणि फॉर्म ड्रॉवरमध्ये टाकला. शैलाबाईंना सांगितले, "बघतो मी."

विनयने पिस्तूल लॉफ्टमध्ये ठेवले. अकराव्या दिवशी ते पुन्हा अपूर्वच्या बॅगेतून शाळेत आले आणि सायकल शेडमध्ये उडाले. कोणीतरी नळी पोखरून ते खरे केले होते. जेड तिथे आपली सायकल घ्यायला आली होती.

पोलीस चौकशीत मी लिहून दिले, मला कोणी काही कळवले नव्हते. शैलाबाई म्हणाल्या, कळवले होते. कागद मागितल्यावर त्यांच्याकडे कागद नव्हता. त्यांची नोकरी गेली. मला निरोप समारंभात घड्याळ मिळाले.

३. ते घड्याळ शाळेला परत करावे. फळ्यावर वापरायचा माझा लाकडी कंपास गणित विभागाला द्यावा. त्याची मला लाज वाटत नाही.

४. विनयला काही नाही. त्याच्यावरचा राग मात्र इथे सोडतो. त्याने ते खेळणे म्हणावे, यासाठीच मी फोन केला होता.

५. ~~माझी सर्व बचत शैलाबाईंना.~~ रद्द. ती जेडच्या वाट्यात जावी. कारण खाली.

६. पिवळा फॉर्म माझ्या कपाटात आहे. मृणालने विचारले, "बाबा, हा फॉर्म तुम्ही फाडला का नाही?" फाडण्याचे धाडस नव्हते, दाखवण्याचेही नव्हते.

आज सकाळी शैलाबाईंना बोलावून हे सगळे वाचून दाखवले. त्या म्हणाल्या, "तुमचं घरातलं घरात राहिलं, सर. मी घरातली नव्हते."

मी पाचवे कलम पुढे केले. त्यांनी ते वाचलेही नाही. "साक्षीदार कोण?"

"शेजारचे यतीन. दुसरे अजून ठरायचेत."

"दुसरी सही मी करते."

मी सांगितले, इथल्या कायद्याने साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही.

"मग खोडा ते. माझं सांगणं एकदा ड्रॉवरमध्ये टाकलंत. आता माझं नाव कागदावर राहू दे."

मी खोडले.

फॉर्मसाठी माझ्या मरणाची वाट पाहायची नाही. सोमवारी, १२ मार्चला सकाळी दहा वाजता मृणाल मला पोलीस स्टेशनला नेईल. फॉर्म मी माझ्या हाताने देईन. माझा जबाब नव्याने घेतला जाईल, असे पोलिसांनी फोनवर सांगितले आहे. त्यानंतर शैलाबाईंचा.

कॉव्हेंट्री, १० मार्च २००७
जगदीश केशव टिपणीस

साक्षीदार:
१. यतीन मोहन गुप्ते, शेजारी
२. शैला वाघमारे, डिनर लेडी. सही माझ्यासमोर झाली, मी पाहिली. पिस्तूलही मीच पाहिले होते.