बाबा टेबलावरून उठले

९ नोव्हेंबर
तिचा फोन आला आणि कट झाला. मधल्या वेळात मी तिला लग्नाचं विचारलं! वेळ तरी काय शोधली. ती हसली. म्हणाली, "भडक्या, इथे तीन बाजूंनी शत्रू आहे, चौथ्या बाजूने तू. खाली उतरले की बोलू."
खाली उतरले की बोलू — याला हो म्हणायचं का? दिवसभर तेच घोळवतोय. गॅरेजमध्ये एका मोटरसायकलला दुसऱ्याच गाडीची चेन बसवली. मालक म्हणाला, "कॉलेज सोडलंस, आता अक्कलही सोड."
ती वायरलेसवाली लेफ्टनंट. कॉलेजात माझ्या दोन वर्षं पुढे होती. ती फौजेत गेली आणि मला वर्गात बसवेना. बाबांना हे ठाऊक नाही. त्यांना वाटतं, गणितामुळे सोडलं.

११ नोव्हेंबर
पेपरात तिच्या टेकडीचा नकाशा. वरच्या चौकीला जाणारा एकच रस्ता उरलाय.

१२ नोव्हेंबर
बाबांशी वाजलं. ब्रिगेडियर, मुख्यालयात योजना विभागाचे प्रमुख — म्हणजे काय, तर नकाशावर पिना टोचणारे. जेवताना तोंडावर बोललो. "तुम्ही कधी कुणाला हुकूम तरी देता का?"
आई म्हणाली, "आधी तोंडातला घास गिळ."
बाबा चिडले नाहीत. चिडले असते तर बरं. म्हणाले, "हुकूम जनरलसाहेब देतात. त्याआधी खरं काय ते त्यांच्यापुढे ठेवायचं. डिझेल किती, रस्ता कुठे खचलाय, कुठली तुकडी किती तग धरेल. त्यांना आवडो न आवडो. आणि शेवटी माझं मत."
"आणि ऐकलं नाही तर?"
"पुन्हा सांगायचं. हुकूम निघेपर्यंत सांगत राहायचं. निघाला की आपलाच समजून पार पाडायचा."
"मग टेकडीबद्दल काय मत दिलंत?"
"ते त्या खोलीत राहतं."
माझा जीव तिथे टांगलाय आणि यांचं मत खोलीत राहतं! सांगायला कशाला हवं — चौकी धरून ठेवा, हेच म्हणाले असणार. नकाशावरची पीन काढायची जिवावर येत असेल.

१४ नोव्हेंबर
सकाळी बाबा बुटांच्या नाड्या बांधत होते. मी म्हटलं, "त्या चौकीवर तुमची होणारी सून आहे."
त्यांचे हात थांबले. मग मी सगळं सांगितलं. कॉलेज का सोडलं, तेही.
"म्हणजे ठरलंय? दोघांचं?"
"ठरलंय."
"तिच्या घरी माहीत आहे?"
"हो."
"नक्की?"
एवढं खोदून का विचारत होते कोण जाणे. म्हटलं, "नक्की. आता तरी काही करा."
आई दारात उभी. "आम्हाला हे असं कळायचं का रे?" बोलली फणकाऱ्याने, पण सून म्हटल्यावर चेहरा थोडा फुललाच. "दिसायला कशी आहे?" फोटो दाखवला. बाबांनी पाहिला नाही. टोपी घातली आणि गेले.
खोटं बोललो का? ती उतरली की खरं होणारच आहे. आधी उतरू दे.

१५ नोव्हेंबर
बाबा भर दुपारी घरी. लढाई चालू असताना! गणवेशातच खुर्चीत बसले. आईने दोनदा विचारल्यावर म्हणाले, "आपलं माणूस ज्या जागी असेल, त्या जागेबद्दल मत द्यायचं नाही, ही आमच्याकडची रीत. जनरलसाहेबांना सांगितलं आणि टेबलावरून उठलो. टेकडीचं आता माझ्या हाताखालचा कर्नल बघेल."
मी पेटलो. "काही करा म्हटलं, तर हात झटकून आलात?"
"तू सांगितलंस म्हणून उठलो," एवढंच म्हणाले.
खरं काय ते ओठांवर आलं होतं. गिळलं. मग वाटलं, बरंच झालं. कर्नलकाका आमच्या वरच्या मजल्यावरचे. लहानपणी मला खांद्यावर घेऊन फिरायचे. मऊ माणूस, कुणाला नाही म्हणवत नाही त्यांना. बाबांसारखा दगड नाही.

१७ नोव्हेंबर
काकांना जिन्यात गाठलं. "काका, टेकडी —"
खांद्यावर हात ठेवला. "जनरलसाहेबांचा फार भरवसा आहे रे त्या चौकीवर." आणि झरझर उतरून गेले. मागे वळून पाहिलं नाही.

१९ नोव्हेंबर
आईने तिच्यासाठी लोकर आणली. वर थंडी असेल म्हणे. मला मापं विचारते. मला कुठली माहीत?

२१ नोव्हेंबर
रस्ता गेला.

२२ नोव्हेंबर
चौकी पडली. कुणी उरलं नाही. बाबांनी उभ्या उभ्या सांगितलं. वायरलेसवरचा शेवटचा निरोप तिच्याच आवाजात होता.
"काय म्हणाली?"
"दारूगोळा संपला. सेट फोडतेय."
"आणखी काही?"
"नाही."
माझ्यासाठी काही असणार नव्हतंच. तरी विचारलं.

२४ नोव्हेंबर
गॅरेजवर गेलो. मालक टोमणा मारेल म्हणून वाट पाहिली. त्याने नुसता चहा पुढे सरकवला. मग मात्र आवरेना.

२५ नोव्हेंबर
आईबाबा तयार होऊन दारात. तिच्या आईवडिलांना भेटायला निघालेले. आई म्हणाली, "चल रे. व्याही होणार होते आपले."
तेव्हा सांगितलं. त्या घरात मला कुणी ओळखत नाही. ती हो म्हणालीच नव्हती.
आई चपला काढून खाली बसली. बाबा उभेच. म्हणाले, "त्या टेबलावर मी एकटाच म्हणत होतो — चौकी मागे घ्या."