बाह्या किती लांब हव्यात

छोटे,

दुकानात लग्नाचे कपडे आजच द्यायचेत, म्हणून लवकर निघाले. तुला उठवलं नाही. डागावर लावायची सिलिकॉनची नवी पट्टी आरशामागच्या कप्प्यात आहे. हात धुऊन, नीट कोरडा करून मगच लाव, नाहीतर खाज सुटेल.

लेझरची वेळ अकराची आहे. पण काल दवाखान्यात पडद्याआडून तुझं बोलणं ऐकलं. तू डॉक्टरीणबाईंना म्हणालीस, "मला या डागाचं काही वाटत नाही हो, ताईच्या जिवाला चैन पडत नाही म्हणून येते."

खरं आहे. गरम इस्त्री तशीच ठेवून मी फोनवर बोलत बसले आणि तुझा हात भाजला. आठ महिने मलमं आणली, पट्ट्या आणल्या, पण 'चुकलं माझं' एवढं तोंडातून निघालं नाही. चुकलं माझं, छोटे.

डाग फिका व्हावा असं तुला स्वतःला वाटत असेल तर फोन कर, मी कशीही सुटून येते. नको असेल तर दवाखान्यात तसं कळव, मी चकार शब्द काढणार नाही.

हात भाजल्यापासून तुझे सगळे कुडते मी न विचारता पूर्ण बाह्यांचे शिवले. संध्याकाळी नव्याचं माप घेते. बाह्या किती लांब हव्यात, ते तू सांग.

ताई