अकरा होकार

१४ सप्टें., ट्रॉय
मैत्रिणीची मुलगी मृणाल इथल्या सिटी काउन्सिलच्या निवडणुकीला उभी राहिलीय. रिटायर झाल्यापासून मी घरी माशाच मारतेय, म्हणून तिला मत देणार का, हे विचारायचा दारोदारचा सर्व्हे माझ्या गळ्यात. आज एक अख्खी स्ट्रीट केली. गोऱ्यांची बारा घरं, अकरांनी "ॲब्सल्यूटली" म्हटलं. एकीने बसवून लेमनेड दिलं. मराठी घर एकच. काका म्हणाले, "बघू." बघू म्हणजे काय ते मला कोणी शिकवायला नको. सरळ 'नाही' लिहिलं.

२० सप्टें.
मृ. खूश. "मावशी, ती स्ट्रीट सेफ आहे, आता तिकडे टाइम नको घालवायला." जरा कॉलर ताठ करूनच घरी आले.

२७ सप्टें.
शेजारची लिंडाही मृ.साठी फिरते. ती गोरी. चुकून माझीच स्ट्रीट परत करून आली. तिच्या कागदावर चारच हो. लेमनेडवाली तिला म्हणाली म्हणे, "जिचं नाव धड घेता येत नाही, तिला कसं मत देऊ?" मी लिंडाशी भांडले, तूच घोळ घातलास म्हणून. ती म्हणाली, "तुझ्या तोंडावर कोण नाही म्हणेल?" फार राग आला. नक्की कोणाचा, ते...

२८ सप्टें.
यांना सांगितलं. हे पेपरातून मान वर न करता, "काकांचं बघू बरोबर ओळखलंस, मग ॲब्सल्यूटली कसं नाही ओळखलंस?" मृ.ला फोन लावला, वाजायच्या आत बंद केला.

३० सप्टें.
मलाच सर्व्हेचा फोन. आवाजावरून बाई काळी वाटली. काउंटीच्या निवडणुकीतल्या दोन उमेदवारांची नावं वाचली, त्यातला एक काळा. माझं मत दुसऱ्याला, कधीच ठरलंय. तोंडातून मात्र त्या काळ्याचं नाव गेलं. तिला वाईट वाटू नये, एवढंच. "थँक यू, मॅम," म्हणाली. लाज वाटली.

१ ऑक्टो.
सकाळीच मृ.कडे गेले. सगळं सांगितलं, कालच्या फोनसकट. मृ. म्हणाली, "मी स्वतः गेले तर मलाही गोडच बोलतील. लिंडाला पाठवलं तर खरं कळेल. पण मावशी, इलेक्शन मी लढतेय ना?" कोणी जायचं ते उद्यापर्यंत ठरवते म्हणाली.
निघताना दारात तिने विचारलं, "तू तरी देणार ना मत?"
हो म्हणाले. खरंच देणार आहे. तिला पटलं का, कळलं नाही.