काकूंच्या माडीवरची न्हाणी

वस्ताद, तुमच्या घरात माडीवर न्हाणी बांधली मी. तुम्ही असता तर माझ्या हातातली थापी हिसकावून घेतली असतीत. "लाकडावर पानी चढवायचं न्हाय," हे तुमच्या हाताखाली गवंडीकाम शिकताना इतक्यांदा ऐकलंय, की तुम्हाला जाऊन एवढी वर्षं झाली तरी लाकडी कडीपाटाच्या माडीवर भरला तांब्या न्यायलाही मी बिचकतो. पण काकू जिन्यात पडल्या. खाली भाड्यानं शिलाईचं दुकान, न्हाणी मागच्या अंगणात, आणि काकूंचं बिऱ्हाड वर. मोडनिंबला दिलेली तुमची लेक त्यांना कायमची घेऊन जायला निघाली होती. काकूंना सोलापूर सोडायचं नाही. मला म्हणाल्या, "वर न्हाणी झाली तर मी हितंच ऱ्हाते. तू बघ की." मग काय करणार होतो मी?

फळ्या उचकटल्या, वरची जुनी माती पाट्या भरभरून उतरवली, दर दोन कड्यांमध्ये एक नवी कडी घातली. वजन नको म्हणून कोबा नाही केला. सिमेंटची हलकी शीट, त्यावर पाणी न मुरणारा थर, वर फरशी. मोरीला बोळा लावून एक दिवस पाणी तुंबवून ठेवलं. खाली शिंप्याच्या मशीनवर थेंब नाही. बोळा काढला, तांब्याभर पाणी ओतलं, सरळ मोरीकडं गेलं. खूश झालो. मग काकूंना हौसेनं आत खुर्चीवर बसवलं, शेजारी भरली बादली ठेवली, पुन्हा पाणी ओतलं, आणि ते दाराकडं वळलं. काकू बाहेर आल्या की नीट, आत बसल्या की उलटं. लेव्हल लावून बघितली, उतार बरोबर. दोनदा चहा प्यालो. लई डोकं खाल्लं त्या पाण्यानं.

आणि मग सात रस्त्याजवळचं ते वकिलांचं घर आठवलं. मी उकिडवा बसून पाणी बघतोय, तुम्ही मागून टपली मारता. "रिकाम्या न्हाणीचा उतार काय बघतोस? न्हानारा उभा कर, बादली भर, मग बघ. लाकूड दबतंय की." मी उभा राहतो, पाणी दाराकडं वळतं, तुम्ही हसता आणि मला खालून आडवी तुळई द्यायला लावता. तशीच तुळई मी इथं दिली. काकू आत बसल्या, पाणी मुकाट मोरीकडं गेलं. काम झालं आणि मी तिथंच फरशीवर बसून राहिलो.

कारण वकिलांची पण माडीच होती, वस्ताद. कडीपाटाचीच. ते काम संपलं त्याच आठवड्यात तुमच्याकडं जेवायला होतो. काकूंनी भाकरी वाढता वाढता वर न्हाणीचं विचारलं, आणि तुम्ही ताटातून मान वर न करता तेच म्हणालात, "लाकडावर पानी चढवायचं न्हाय." मी खाली बघून भाकरी मोडली. त्यानंतर किती वर्षं त्या रोज जिना उतरत होत्या. का असं केलंत? स्वतःच्या घराची भीती वाटली, की दिवसभर दुसऱ्याच्या न्हाण्या बांधून कंटाळा आला होता? मला खरंच कळत नाही. राग येतो तुमचा, आणि त्याच वेळी हातात तुमचंच काम असतं. मग राग कुणावर काढू?

आज काकू पहिल्यांदा वर न्हाल्या. ओले केस पुसत दारात आल्या आणि म्हणाल्या, "एक इचारू? हे असलं काम तुज्या वस्तादांना येत हुतं का रे?"

मी थापी धूत होतो. म्हणालो, "न्हाय काकू. हे सामान आत्ता आत्ता निघालंय."

"तरीच," त्या म्हणाल्या. चेहरा एकदम मोकळा झाला. "येत असतं तर मला करून दिलंच असतं की त्यांनी."

व्हय म्हणालो मी. आता तुम्हाला लिहिलेला हा कागद कुठं ठेवावा कळेना. काकूंना वाचता येतं.