गारव्यात चिकटलेली जोडी

ती. आईस, धाकटीचा नमस्कार.

मी मजेत आहे, वेळेवर जेवते.

परवा आमच्या प्रयोगशाळेत एका बाईंच्या नमुन्यात आजाराची खूण दिसली. आजार ओळखणारा आमचा डीएनएचा तुकडा त्यांच्या डीएनएला चिकटला होता. पण डीएनए म्हणजे चार अक्षरांची लांब साखळी; त्यातलं मधलं एखादं अक्षर जुळत नसलं, तरी गारव्यात जोडी चिकटते. तापवली की ती लवकर सुटते, पूर्ण जुळलेली मात्र टिकते.

"उगाच शंका काढतेस," साहेब म्हणाले. तरी मी तापमान वाढवून पुन्हा पाहिलं. जोडी सुटली! बाईंना तो आजार नव्हताच. कळल्यावर त्या फोनवर नुसत्या रडत होत्या.

आई, तुझा रिपोर्ट आला का गं? दादाला विचारलं की तो हवापाण्याचं बोलतो. जे असेल ते मला सांग. आणि एकदा पुन्हा तपासून घे.

तुझीच,
धाकटी